शेवटच्या दृश्याची फिल्म

२ मार्च

आले एकदाची! बस फाट्यावर सोडून गेली आणि एका खांद्यावर कॅमेऱ्याची पेटी, दुसऱ्यावर कपड्यांची, अशी मैदान तुडवत वसाहतीपर्यंत चालत आले. मैदानातल्या गवतात कुणीतरी ओळीने लाकडी खुंट्या ठोकून ठेवल्या आहेत. त्यातल्या एकीला अडखळून मी सपशेल आडवी झाले. असं माझं थाटात आगमन! वसाहतीच्या समितीचे प्रमुख सुतारकाका धावत आले, त्यांच्यामागून त्यांची बायको. काकूंनी पहिला प्रश्न विचारला तो कॅमेरा फुटला का म्हणून. नाही म्हटल्यावर मग गुडघ्याची चौकशी. ही बाई मला तिथेच आवडली.

प्रकरण काय आहे ते लिहून ठेवते. ही वसाहत एका बंद पडलेल्या सिनेमा स्टुडिओच्या जागेवर आहे. घरं बांधली तीच मुळी एका सिनेमासाठी. दिग्दर्शक हट्टी होता, त्याला पुठ्ठ्याच्या भिंती नको होत्या, म्हणून खऱ्या विटा लावल्या. सिनेमा अर्धवट राहिला, स्टुडिओला टाळं लागलं, आणि तिथले सुतार, शिंपी, दिवे ओढणारे, गर्दीत उभे राहणारे, सगळे या घरांत राहायला आले. इथे त्यांची लग्नं झाली, पोरं झाली, म्हातारे इथेच गेले. आता मालकाला जागा हवी आहे आणि त्याने न्यायालयात सांगितलंय की इथे वसाहत नाहीच. हा सेट आहे आणि माणसं भाड्याने आणलेली गर्दी आहे. हाडामांसाची माणसं खोटी आहेत, असं शपथेवर लिहून दिलंय!

मागच्या तारखेला लोकांनी मोबाइलवरचे फोटो दिले. ते बदलता येतात म्हणून फेटाळले गेले. तेव्हा वकीलबाईंनी मला बोलावलं. फिल्मवर फोटो हवेत, निगेटिव्ह सलग हवी, प्रत्येक घर हवं आणि दारात घरची माणसं. २७ तारखेला पाहणी अधिकारी येणार आहेत. जे घर रिकामं दिसेल ते सेट धरलं जाईल.

मी आयुष्यभर व्यासपीठांवरून ‘आम्ही आहोत’ असं गर्जत आले. ते सिद्ध करून दाखवायचं काम आज पहिल्यांदा हातात पडलंय. बघतेच कोण कुणाला खोटं ठरवतो ते.

मला मिळालेलं घर रस्त्याच्या टोकाला आहे. एक खोली, न्हाणीघर, खिडकीखाली टेबल. घर एका लाइटवाल्याचं होतं. तो वारल्यापासून बंदच होतं. माणूस तिरसट होता म्हणे. कुणाला उंबरा ओलांडू द्यायचा नाही आणि आत-बाहेर करताना किल्ली दोनदा फिरवायचा, एकदा कुलपासाठी आणि एकदा मनाच्या समाधानासाठी. ती किल्ली कुणाला सापडलीच नाही, काकांनी पटाशीने दार उघडलं. त्याची खुर्ची, त्याचा कोट, सगळं जागच्या जागी आहे. काकू म्हणाल्या, तो असता तर तुला दारातूनच पिटाळलं असतं. मी म्हटलं, बोलून बोलून मी त्याला जेरीस आणलं असतं.

५ मार्च

मागवलेली फिल्म आलीच नाही. दुकानदाराचं म्हणणं, हल्ली कोण वापरतंय, कारखान्यातूनच येत नाही. मी फोनवर त्याला बरंच सुनावलं. फिल्म काही त्याने येणार नव्हती.

वाचवलं ते काकूंनी. काकांच्या कारखान्यात पाटाखाली टेकू म्हणून एक पत्र्याचा चपटा डबा ठेवलाय, तो सिनेमाच्या फिल्मचा असल्याचं त्यांना आठवलं. ओढून काढला तर खरंच! काळी-पांढरी, न वापरलेली, डब्याच्या कडेची चिकटपट्टी अजून शाबूत. पट्टीवर पेन्सिलीने ‘शेवटचं दृश्य’ एवढंच लिहिलेलं. काकूंनी काकांना विचारलं, इतकी वर्षं पाट डुगडुगू नये म्हणून खजिना टेकूला लावला होतात का? काकांनी दुसरा टेकू शोधायला घेतला.

सिनेमाची काळी-पांढरी फिल्म फोटोच्या कॅमेऱ्यात मजेत चालते. रुंदी तीच, कडेची भोकं तीच. फक्त ती मोठ्या गुंडाळीत येते, म्हणून अंधारात हव्या तेवढ्या लांबीचे तुकडे कापून लहान डब्यांत भरावे लागतात. राखाडीच्या इतक्या छटा ती पकडते की चेहऱ्यावरची एकेक रेघ बोलते. शिवाय कडेला कारखान्याने छापलेले क्रमांक असतात, एकामागून एक. फिल्म मधूनच बदलली असं म्हणायची कुणाची टाप नाही. पुरावा म्हणून याहून चांगलं काय हवं!

काकांनी दुपारभरात गुंडाळी फिरवायला दोन लाकडी फिरक्या करून दिल्या, फिरवायच्या मुठींसकट. न्हाणीघराच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या आणि अंधारात डब्या भरत बसले. गुंडाळीचं मोकळं टोक डबीतल्या दांडीला चिकटवायचं, फिरवायचं, कापायचं. हाताला सवय आहे.

७ मार्च

कामाला सुरुवात. पहिला मान राजेसाहेबांना. हे वसाहतीतले सगळ्यात जुने गृहस्थ. कधीकाळी गर्दीत राजाच्या मागे उभे होते, एवढ्यावर हे नाव मिळालं. ठिगळ लावलेला मफलर नीट करायलाच त्यांनी माझं अर्धं ऊन खाल्लं. काका समोर पांढरी चादर धरून उभे होते, उजेड तोंडावर पडावा म्हणून. काकूंची सूचना, राजेसाहेबांना चादरीतच गुंडाळा, लवकर आटपेल. त्यावर राजेसाहेब म्हणाले, हिच्या सासूबाईंनाही माझ्याबद्दल असंच बोलायची सवय होती.

फोटो झाल्यावर त्यांनी या फिल्मची हकीकत सांगितली. सिनेमात एक गाव युद्धाने उठतं. शेवटच्या दृश्यात सगळं गाव घरी परत येतं. मैदानातून चालत येऊन प्रत्येक जण आपापल्या दाराशी थांबतो. पुढच्या रांगांत जिवंत आणि मागच्या रांगांत मेलेले. दिग्दर्शकाचं म्हणणं, परत यायचं तर सगळ्यांनी यायचं, मेले म्हणून कुणाला वगळायचं नाही. मागच्यांच्या तोंडाला पांढरी माती फासली होती. कुणी कुठे उभं राहायचं ते ठरवायला मैदानात खुंट्या ठोकल्या होत्या. (त्याच त्या, माझ्या गुडघ्याच्या वैरी!) माणसं कमी पडली म्हणून लाइटवाल्यालाही मागच्या रांगेत उभं केलं. सगळे खुंट्यांवर सज्ज, डबा कॅमेऱ्यापाशी तयार, आणि त्याच दिवशी मालकाने टाळं ठोकलं. संध्याकाळपर्यंत लोक उभे राहिले. ‘चला’ असं कुणी म्हणालंच नाही.

राजेसाहेब मागच्या रांगेतले. त्या रांगेत आता आपण एकटेच उरलो, बाकीच्यांनी भूमिका फारच मनावर घेतली, असं म्हणून ते खोकेपर्यंत हसले.

१० मार्च

वसाहतीतल्या सगळ्या घरांचे फोटो झाले. शिलाईमावशी तर मशीन उचलून दारात घेऊन बसल्या, मशीनशिवाय मला कोण ओळखणार म्हणून. सुतारकाकांच्या दारात काकू एकट्याच उभ्या राहिल्या. काका चादर सोडायला तयार नव्हते, माणूस कामाचा आहे. काकूंनी ऐकवलं, सप्तपदीलाही हे असेच काहीतरी धरून उभे होते.

आज पहिल्या दोन पट्ट्या धुतल्या. चेहरे असे उमटलेत की हात लावला तर बोलतील. दोन गोष्टी मात्र वकीलबाईंना कळवायला हव्यात. एक, कडेचे क्रमांक उलटे येताहेत, माझा पहिला फोटो मोठ्या आकड्यावर आणि शेवटचा लहान आकड्यावर. ते भरण्याच्या पद्धतीमुळे, त्यात विशेष काही नाही. दुसरी जरा चमत्कारिक. प्रत्येक फोटोवर, काचेवर फुंकर मारल्यासारखी, पुसट अशी दोन छोटी चित्रं आहेत, शेजारी शेजारी आणि आडवी पडलेली. मान वाकडी करून बघावी लागतात. तेच दार आणि दारापुढे पाठमोरी माणसं.

थोडा वेळ दचकले, मग डोकं चालवलं. सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्म उभी पळते, माझ्यात आडवी. माझ्या एका फोटोच्या जागेत सिनेमाची दोन चित्रं मावतात आणि ती मला आडवीच दिसणार. म्हणजे ही फिल्म कोरी नव्हती. कुणीतरी तेव्हा थोडं चित्रण करून पाहून डबा परत बंद केला असणार. मिटलं. बाकीच्या पट्ट्याही धुऊन टाकते.

१३ मार्च

सगळ्या पट्ट्या वाळल्या. भिंग घेऊन बसले होते.

राजेसाहेबांच्या फोटोवरची ती पाठमोरी आकृती. तिच्या गळ्यात मफलर आहे. त्याचं एक टोक लांब, एक आखूड, आणि लांब टोकाला तोच ठिगळाचा चौकोन. हे जुनं चित्रण नाही. पण माझा कॅमेरा आडवा आहे, त्यातून उभी चित्रं येऊच शकत नाहीत.

आणखी एक. दोन छोट्या चित्रांपैकी पहिल्यात राजेसाहेब दाराला खेटून आहेत. दुसऱ्यात तोंड दाराकडेच, पण ते एक पाऊल माझ्याकडे सरकलेत. पाठीने.

विचारायला त्यांच्याकडे गेले तर दार सताड उघडं आणि घरात कुणी नाही. शेजारी म्हणाले, लेकीकडे गेले असतील. चप्पल दारातच आहे.

१५ मार्च

जे बघितलं तेच लिहिते, भर न घालता.

दिवसाढवळ्या शिलाईमावशी घरातून बाहेर पडल्या. उलट्या. तोंड घराकडे, पाठ रस्त्याकडे, आणि एकेक पाऊल मागे टाकत. हातात सुई, सुईत दोरा, दोऱ्याला अर्धं शिवलेलं झबलं मातीतून ओढत येत होतं. मी समोर उभी राहिले, हाका मारल्या. त्या मला वळसा घालून गेल्या. मागे न बघता वळसा घातला! चेहऱ्यावर फोटोसाठी आणलेलं हसू. डोळे आपल्या दारावर खिळलेले, जणू दार नजरेआड झालं तर जीव जाईल.

फाटकावरचा मालकाचा माणूस, ज्याला सगळे चाव्या म्हणतात, त्याने फाटक उघडून धरलं होतं. म्हणाला, काल परीट आणि त्याची बायको असेच गेले, आज यांची पाळी दिसते. कंपनीने गर्दी सोडली वाटतं. दात काढून हसत होता.

त्याला मी जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. कागदालाही लाज असते.

१७ मार्च

धुऊन, फिक्सरमधून काढून, वाळवलेली फिल्म बदलत नाही. हे रसायनशास्त्र आहे.

पट्ट्या बदलल्या आहेत. छोट्या चित्रांतली माणसं कालच्यापेक्षा जवळ आली आहेत. रोज एखादं पाऊल. ज्यांच्या पाठी पुरत्या जवळ येऊन चौकट भरून टाकतात त्यांची घरं रिकामी होतात. निम्मी वसाहत गेली. मी पुराव्यासाठी काढलेल्या फोटोंनी ती रिकामी केली. मालकाला जे साधत नव्हतं ते मी करून दिलं.

कात्री घेतली होती. पट्टीला लावली आणि थांबले. फिल्मबरोबर माणूसच कापला गेला तर?

धाकट्या बहिणीचा फोन आला. तुझा तर फोटो नाही ना त्यात, मग सामान भर आणि ये, म्हणाली. माझा फोटो नाही म्हणूनच राहायला हवं. जी माणसं माझ्यावर विश्वास ठेवून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली त्यांना सोडून पळाले तर मी आजवर बोललेलं प्रत्येक भाषण खोटं. भीती वाटते का? वाटते. वाटू दे. भीतीला विचारून मी कधी काही केलं नाही.

१९ मार्च

आज काकू.

काकांनी दार लावून घेतलं, कडी घातली, काकूंना घट्ट धरून बसले. त्या उठल्याच. धरलेल्या हातांसकट मागे जाऊ लागल्या. पाठ दाराला टेकली तरी पाय थांबेनात. टाचा फळीवर घासत राहिल्या, घासत राहिल्या. फळीवर रक्त दिसू लागलं. चेहरा मात्र हसरा, आता काकांना काहीतरी टोमणा मारणार असा.

शेवटी काकांनी स्वतःच्या हातांनी कडी काढली.

मग ते त्यांच्या शेजारून चालत गेले. सुलटे. काकूंचा हात धरून.

माझ्याकडे बघितलं नाही. बरं झालं.

२० मार्च

मैदानात गेले. गेलेले सगळे तिथेच आहेत.

एकेका खुंटीवर एकेक. कुणी बोलत नाही, बसत नाही. सगळ्यांची तोंडं वसाहतीकडे. राजेसाहेब मागच्या रांगेत एकटे. परीट पुढे. मावशींच्या हातात अजून झबलं. काकूंचा हात गरम आहे, नाडी चालू आहे, पापणी मात्र लवत नाही. पायाशी काका बसलेत, त्यांनी काकूंच्या टाचांना फडकं बांधलंय.

काकांना सांगितलं, हे माझ्या फोटोंमुळे झालंय. त्यांनी फडक्याची गाठ घट्ट केली. मग म्हणाले, कशामुळे झालं ते कळलं ना? सुताराला एवढं पुरतं. जे बसवलं ते उलगडता येतं. रडायचं असेल तर नंतर दोघं मिळून रडू, आता डोकं चालव.

२२ मार्च

सापडलं!

उलटी पावलं का? हाच प्रश्न मी आधी विचारायला हवा होता. जो घर सोडून जातो तो घराकडे पाठ करून जातो. ही माणसं घराकडे तोंड करून गेली. असं कधी दिसतं? घरी येणाऱ्या माणसाची फिल्म उलटी फिरवली तर.

पट्ट्या टेबलावर लावल्या आणि कारखान्याच्या आकड्यांच्या क्रमाने वाचल्या, लहानाकडून मोठ्याकडे. ते येताहेत. मैदानाकडून दाराकडे, एकेक पाऊल. ते घरी येताहेत! फिल्म तिचं दृश्य करू बघतेय, तेच, परत येण्याचं, जे तेव्हा राहून गेलं. मी ते उलटं भरलं. गुंडाळीचं पहिलं टोक डबीच्या दांडीला चिकटवलं, ते सगळ्यात आत गेलं आणि कॅमेऱ्यात शेवटचं पहिलं आलं. सगळे फोटोग्राफर असंच भरतात. फोटोला काय फरक पडतो? फोटोला मागचं-पुढचं नसतं. सिनेमाला असतं.

डब्यात अजून फिल्म उरली आहे. काकांच्या दोन फिरक्या आहेत. गुंडाळी एकीवरून दुसरीवर घेतली की आतलं टोक बाहेर येईल. मग भरली की कॅमेऱ्यात सुलटी. मग रिकामी दारं टिपायची. एकूण एक.

२३ मार्च

गुंडाळी फिरवून झाली. अंधारात काका फिरकीची मूठ फिरवत होते, मी फिल्मची कड बोटांनी धरली होती. मध्येच फिल्म माझ्या बोटांतून ओढ घेऊ लागली, कुत्रं साखळी ओढतं तशी. काकांनी हात काढला होता. मूठ फिरतच होती.

बाहेर आल्यावर काकांना आठवण दिली. दृश्यात फक्त जिवंत येत नाहीत. मागच्या रांगाही येतात. त्यात त्यांची आई होती.

काका म्हणाले, आली तर येऊ दे. चहा ठेवतो. तिला बायकोपेक्षा माझ्या हातचा आवडायचा.

मग म्हणाले, तुझ्या घराचं काय? तो लाइटवालाही होता मागच्या रांगेत. ते एक दार सोड, कुणाला कळणार नाही.

विचार करते म्हटलं.

विचार झाला. एक घर रिकामं म्हणजे एक घर सेट. एक सेट मान्य केला की मालकाचा वकील त्यातून बोट घालून सगळी वसाहत ओढून काढेल. मी दार सोडणार नाही.

२५ मार्च

सगळी दारं टिपली. चाव्या मागे मागे फिरत होता. रिकाम्या घरांचे फोटो कशाला, आमचंच काम सोपं करताय, म्हणाला. मी म्हटलं, उद्या फाटक उघडं ठेव. आणि बाजूला उभा राहा, तुडवला जाशील.

शेवटचं दार या घराचं. कॅमेरा छातीशी घट्ट धरून टिपलं. फोटो हललेला नसेल. नसणारच.

२६ मार्च, दुपार

पट्ट्या धुतल्या. न्हाणीघरात वाळताहेत. अजून थेंब गळतोय.

छोटी चित्रं आहेत. दारं, आणि माणसं दूर, खूप दूर, ठिपक्यांएवढी. आकडे चढते.

ठिपके मोठे होताहेत. बघता बघता. उलटं जायला त्यांना दिवस लागले. सुलटं यायला—

काका त्यांच्या दारात उभे आहेत. खिडकीतून दिसतात. स्वच्छ सदरा घातलाय. हाताने चला, चला करताहेत, मैदानाकडे. त्या दिवशी कुणी म्हणालं नव्हतं. आज कुणीतरी म्हणालं.

उन्हं उतरताना

पावलं. पुढे तोंड करून चालणाऱ्यांची. मातीवर, खूप.

परीट. परटीण. शिलाईमावशी, मशीनपाशी बसल्या, झबलं झटकलं, जणू मधले दिवस नव्हतेच—

काकू! काकूंनी काकांना काहीतरी सुनावलं. ऐकू आलं नाही. काका रडताहेत. मारलाच टोमणा तिने. मारलाच!

राजेसाहेब, मफलर नीट करत. त्यांच्या मागे—

मागच्या रांगा. पांढरी तोंडं. ही माती फासलेली नाही, आतूनच— हळू चालतात. कुणी कुणाकडे बघत नाही. एकेक जण आपल्या दाराशी थांबतो आणि वळतो. एक म्हातारी काकांच्या दाराशी. काकांनी खाली वाकून—

चाव्या फाटक टाकून पळाला. पळ. मालकाला सांग. गर्दी आली म्हणावं. उद्या तुमच्या अधिकाऱ्याला म्हणावं मोजा! जिवंत मोजा, मेलेले मोजा, इथे जन्मले ते आणि इथे गेले ते, आणि मग म्हणा कुणी राहत नाही—

रस्ता भरला. प्रत्येक दारात कुणी ना कुणी. एकच दार उरलंय.

पळणार नाही. पट्ट्या अजून ओल्या आहेत, त्या सोडून जाता येत नाही. खुर्ची रिकामी केली आहे. कोटाला हात लावलेला नाही. उभी राहून लिहितेय.

दाराबाहेर पावलं थांबली.

मोडक्या कुलपात किल्ली. एकदा फिरली.

आत या. हे तुमचंच घर, मी राखत होते. मी घाबरलेली दिसेन, लक्ष देऊ नका. उद्या पाहणी आहे. दारात उभं राहायचं, तोंड पुढे करून, आणि त्यांनी विचारलं की तुम्ही कोण, तर मोठ्याने सांगायचं की आम्ही